गाय कोणाला हवी होती?

मानसिक आरोग्यावरच्या वादांत कंबोडियातल्या एका भातशेतकऱ्याची गोष्ट वारंवार सांगितली जाते. मनोविकारतज्ज्ञ डेरेक समरफील्ड यांच्यामुळे ती जगभर गेली. भूसुरुंगाच्या स्फोटात त्या शेतकऱ्याचा पाय गेला. कृत्रिम पाय बसवून तो पुन्हा शेतात उतरला, पण चिखलपाण्यात काम करताना कळा सोसवेनात, आणि राबायचंही तिथेच, जिथे स्फोट झाला होता. माणूस खचला, रडत राहू लागला. तिथल्या डॉक्टरांनी आणि शेजाऱ्यांनी त्याच्याजवळ बसून त्याचं म्हणणं ऐकलं आणि त्याला एक गाय घेऊन दिली. दुधाच्या धंद्याला चिखलात उतरावं लागत नाही. तो सावरला.

गोष्ट सुंदर आहे. ती सांगून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. गरिबाला नैराश्य नसतं, अडचण असते. अडचण दूर करा, दुःख आपोआप जाईल. समुपदेशन आणि औषधं हा पाश्चात्त्यांनी विकायला काढलेला माल आहे, असं या गोष्टीच्या आधारे म्हटलं जातं. महाराष्ट्रात हेच वेगळ्या शब्दांत कानावर येतं. 'कर्जमाफी द्या, समुपदेशक कसले पाठवता?' या वाक्याला सभेत टाळ्या पडतात. त्यातला संताप रास्त आहे, तर्क कच्चा आहे.

कारण गाय विदर्भालाही देऊन झाली आहे. 2006 मधल्या पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना सवलतीत जास्त दूध देणाऱ्या गाई देण्याची तरतूद होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी गावोगाव हिंडून या गाईंचं पुढे काय झालं ते लिहिलं. जिथे माणसांच्या पोटाला पुरत नव्हतं, तिथे चारा आणि पेंड आणणार कुठून? कित्येक घरांना ती गाय नकोशी झाली. योजना आखताना शेतकऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. कंबोडियात आधी माणसं जवळ बसली, कळ कुठे उठते आणि चिखल पाहिला की काय होतं हे त्यांनी ऐकून घेतलं, आणि त्या ऐकण्यातून गाय हे उत्तर निघालं. समुपदेशन म्हणतात ते याहून फार निराळं नसतं. समरफील्ड यांची गोष्ट त्यांच्या बाजूने जेवढी बोलते, तेवढीच त्यांच्या विरोधातही बोलते.

या वादाचा सर्वाधिक मारा ज्यांच्यावर झाला ते मनोविकार संशोधक विक्रम पटेल मुळात याच संशयी पक्षातले. मुंबईत जन्मलेले पटेल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला झिम्बाब्वेतल्या हरारेला गेले, तेव्हा नैराश्य ही पाश्चात्त्य कल्पना आहे आणि आफ्रिकेतलं दुःख म्हणजे गरिबी आणि अन्याय यांना दिलेला प्रतिसाद आहे, अशी त्यांची धारणा होती. दवाखान्यांतले आणि पारंपरिक वैद्यांकडे जाणारे रुग्ण त्यांनी तपासले. शोना भाषेत त्यांना एक शब्द सापडला, 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करत राहणं. आपल्याकडे 'विचारांनी डोकं पोखरलंय' म्हणतात, तेच. त्यासोबत येणारं अंगदुखणं, उडालेली झोप, कशातच मन न लागणं हे सारं जगात इतरत्र नैराश्य म्हणून ओळखलं जातं त्याच्याशी जुळत होतं. पटेल यांनी आपलं मत बदललं आणि तसं जाहीरपणे सांगितलं. 1996 मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था उभी राहिली, आणि पुढचं बरंचसं काम तिथे झालं.

दुसऱ्या बाजूचे विरोधक याहून अधिक नुकसान करतात. ते लेख लिहीत नाहीत, ते ओपीडीत आणि घरात भेटतात. बाई सांगते, कंबर धरलीय, हातापायांना मुंग्या येतात, अंगावरून पांढरं जातं, जीव घाबरा होतो. रक्त-लघवीचे रिपोर्ट नॉर्मल येतात. डॉक्टर ताकदीच्या गोळ्या लिहून देतात, नाहीतर 'तुम्हाला काही झालेलं नाही' म्हणतात. घरी सासू 'नाटकं' म्हणते, नवरा 'कामचुकारपणा' म्हणतो. 'मनाचं आहे' याचा अर्थ आपल्याकडे 'खोटं आहे' असा होऊन बसला आहे.

गोव्यात पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तक्रारींचाच पाठपुरावा केला. 18 ते 50 वर्षे वयाच्या 2,494 स्त्रियांची पाहणी झाली. मुलाखतीला तपासण्यांची जोड होती, म्हणून तक्रार आणि प्रयोगशाळा यांची गाठ घालता आली. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट निघालं. सुमारे 12 टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा असल्याचं सांगितलं. हा थकवा हिमोग्लोबिनच्या आकड्याशी जुळला नाही. हलाखी आणि मानसिक त्रास यांच्याशी जुळला. त्याच पाहणीत नैराश्य आणि चिंता यांच्यामागे गरिबी होती, तशीच नवऱ्याची शिवीगाळ आणि लैंगिक बळजबरीही होती. म्हणजे ही बाई खोटं बोलत नव्हती. घरात जे तोंडाने सांगायची सोय नव्हती, ते तिचं अंग सांगत होतं. आणि आरोग्ययंत्रणा त्या सांगण्याला अँटिबायोटिकने उत्तर देत होती.

म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात 270 गरोदर स्त्रियांची नोंद घेऊन झालेला अभ्यासही असाच जळजळीत आहे. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातल्या 23 टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी होती तिथे धोका वाढला, नवऱ्याचा मार होता तिथे वाढला, आणि मुलाची आशा असताना मुलगी झाली तिथेही वाढला. हार्मोनच्या चढउतारांत यातलं काय बसवायचं?

चीनमध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांना हेच दुसऱ्या रूपात दिसलं. हुनान प्रांतातल्या चांगशा इथे 1980 साली त्यांनी 'मज्जातंतूंचा अशक्तपणा' असं निदान झालेले 100 रुग्ण तपासले. डोकेदुखी, चक्कर, थकवा या त्यांच्या तक्रारी. त्यांपैकी 87 जणांना तीव्र नैराश्य होतं. सांस्कृतिक क्रांतीची वर्षं नुकतीच सरली होती. जाहीर मानहानी आणि कुटुंबांची ताटातूट लोकांनी सोसली होती. त्याबद्दल बोलणं धोक्याचं होतं, डोकं दुखतंय म्हणणं सुरक्षित होतं. नैराश्यावरच्या औषधांनी अनेकांच्या तक्रारी कमी झाल्या, तरी कामाच्या ठिकाणचा आणि घरातला पेच सुटेपर्यंत आपण बरे झालो असं कित्येकांना वाटलं नाही. गोळीवाल्यांना आणि गोळीविरोधकांना, दोघांनाही या एका अभ्यासात आपापली चूक दिसायला हरकत नाही.

'दुःखाला आजार म्हणू नका, त्यामुळे व्यवस्था मोकळी सुटते' हा आक्षेप म्हणूनच क्षयरोगाशी ताडून पाहावा. क्षय कोंदट खोलीत वाढतो, उपासमारीत वाढतो. तो गरिबीचा आजार आहे हे कोणी नाकारत नाही. तरीही मुंबईतल्या चाळीतल्या रुग्णाला 'तुला घर हवं, औषध नको' असं कोणी सांगत नाही. घरासाठी भांडायचं आणि औषधाचा एक दिवसही चुकवायचा नाही, दोन्ही एकाच वेळी. मग नैराश्यालाच ही अट का, की व्यवस्था बदलेपर्यंत बाईने उशीत तोंड खुपसून रडायचं?

उपाय म्हणजे काय, तेही गोव्यात पारखून झालं आहे. 'मानस' या प्रयोगात 24 दवाखाने होते, निम्मे सरकारी, निम्मे खासगी, रुग्ण 2,796. उपचाराची मोठी जबाबदारी थोड्या प्रशिक्षणाने तयार झालेल्या स्थानिक समुपदेशकांवर होती, गरज पडेल तिथे डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ. 2010 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण असे उपचार मिळाले तिथे 65.9 टक्के निघालं, न मिळाले तिथे 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत काही फरक पडला नाही. हा दुसरा निष्कर्षही तितक्याच ठळकपणे सांगायला हवा, आणि संशोधकांनी तो लपवला नाही. रुग्णाला नावानिशी ओळखणारा घरचा डॉक्टर आधीपासूनच थोडंफार ऐकून घेत असावा, हा त्यावरचा एक तर्क आहे.

पुढे 2017 मध्ये गोव्यातल्याच 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या 495 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तीव्र नैराश्याच्या या रुग्णांना सहा-आठ भेटींत हळूहळू कामाकडे, माणसांकडे, आवडीच्या गोष्टींकडे परत आणायचं, अडचण उलगडून पाहायची, एवढंच. तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते. अशा भेटी न मिळालेल्यांत 39 टक्के. ज्या स्त्रियांना या भेटी मिळाल्या त्यांच्या बाबतीत नवऱ्याच्या मारहाणीच्या नोंदीही कमी झाल्या. समुपदेशन बाईला अन्याय मुकाट सोसायला शिकवतं, असं म्हणणाऱ्यांनी या नोंदीला उत्तर दिलं पाहिजे.

आणि विदर्भ? अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत राहुल शिधये, पटेल आणि सहकाऱ्यांनी 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला. गावात 'नैराश्य' शब्दाचं ओझं न लादता लोकांच्या तोंडी असलेल्या 'टेन्शन'पासून बोलणं सुरू करायचं, ही त्याची रीत. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्के झालं. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात येऊन गेलेल्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं. शेजारी तुलनेची गावं नव्हती, म्हणून हा आकडा मानसच्या आकड्याइतका पक्का धरता येत नाही. पण ज्या गावांत याआधी कोणी विचारतच नव्हतं, तिथे विचारलं की लोक बोलतात, एवढं त्यातून नक्की दिसलं.

एक आक्षेप मात्र खोडायचा नाही, पाळायचा आहे. पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर आयुष्यभर सांगत राहिल्या की मनोरुग्णाच्या नावाखाली माणसाचे हक्क काढून घेतले जातात, त्याच्या संमतीवाचून उपचार लादले जातात. हे घडलं आहे, घडतं आहे. 'उपचार पोहोचवा' म्हणणाऱ्या प्रत्येकाने नकार देण्याचा हक्कही सोबत पोहोचवला पाहिजे.

विदर्भासाठी पुढचं पॅकेज ठरेल तेव्हा कर्जाचा आकडा त्यात असलाच पाहिजे, हमीभावही असला पाहिजे. त्यासोबत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गावातलंच, प्रशिक्षित आणि नियमित पगार घेणारं एक माणूस बसवण्याची तरतूदही हवी. ते कंबरेबद्दल विचारून झालं की झोपेबद्दल विचारेल, घरातल्या दारूबद्दल आणि मारहाणीबद्दल विचारेल; आणि शेतकऱ्याच्या दारात गाय बांधण्याआधी, चारा आहे का, हेही विचारेल.