गोड वडी आणि औषधाचे माप

औषधांच्या दुकानात अलीकडे एक नवा पदार्थ मानाच्या जागी मांडलेला दिसतो. फळांच्या चवीची, रंगीत, चघळण्याजोगी मऊ वडी. तिला ‘गमी’ म्हणतात. तिच्यात कधी जीवनसत्त्वे असतात, कधी अश्वगंधा, कधी हळदीचा अर्क, तर कधी झोपेसाठी मेलॅटोनिन. बाटलीची किंमत पगारदार कुटुंबाला सहज परवडणारी नसते. तेव्हा जिलेटिन किंवा चायना ग्रास, फळांचा रस, साखर आणि बाजारातून आणलेली अर्काची पूड एवढ्या साहित्यावर ही वडी घरीच करून पाहण्याची हौस वाढावी, हे स्वाभाविक आहे. वरवर पाहता या उद्योगात काटकसर आहे आणि स्वावलंबनही आहे. परंतु हिशेब मांडला तर निष्कर्ष निराळा निघतो.

विकतच्या मालाविषयी ग्राहकाला वाटणारा अविश्वास निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक आणि खरेदीदाराला ती कळण्याचा मार्ग नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, असा सिद्धान्त जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली मांडला आणि २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. पूरक आहाराच्या बाजाराला ते अधिकच लागू पडते. अमेरिकेत मेलॅटोनिनच्या २५ प्रकारच्या वड्या प्रयोगशाळेत तपासण्यात आल्या, त्याचे निष्कर्ष २०२३ साली तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २५ पैकी २२ वड्यांवरील लेबल चुकीचे आढळले. प्रत्यक्षातील मेलॅटोनिन लेबलावरील आकड्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत होते. एका वडीत तर ते मुळीच नव्हते. कारखान्याची ही तऱ्हा, तर मग घरी केलेले काय वाईट, असा प्रश्न कोणीही विचारील.

या प्रश्नाचे उत्तर असे की, घरी आपण करतो ती फक्त वडी. अर्क करीत नाही. अर्काची पूड त्याच बाजारातून, तसल्याच लेबलावर विसंबून आणावी लागते. म्हणजे ज्या अविश्वासापायी आपण बाटली नाकारली, तोच पुडीत बांधून घरी येतो. शिवाय प्रामाणिक कारखाना जी एक गोष्ट देऊ शकतो, म्हणजे प्रत्येक वडीत सारखे माप, ती घरच्या ओट्यावर साधत नाही. जुना दोष कायम राहतो आणि त्यात नव्याची भर पडते. याला काटकसर म्हणता येणार नाही.

हळदीचेच उदाहरण घेऊ. सांगलीच्या पेठेतून आपल्या डब्यात येणाऱ्या हळदीत कर्क्युमिन हे द्रव्य साधारणतः तीन टक्क्यांच्या आसपास असते. बाजारातील अर्कात ते ९५ टक्क्यांपर्यंत असते. अर्धा ग्रॅम अर्कात जेवढे कर्क्युमिन मिळते, तेवढ्यासाठी सुमारे सोळा ग्रॅम, म्हणजे चहाचे पाचेक चमचे हळद खावी लागेल. त्यातच मिरीचे सत्त्व मिसळण्याची प्रथा आहे. ते मिसळल्यास माणसाच्या शरीरात कर्क्युमिनचे शोषण वीसपट वाढते, असे बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांना १९९८ साली आढळले. इटलीत २०१९ साली हळदीच्या पूरकांच्या सेवनानंतर यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या, तेव्हा तेथील आरोग्य खात्याला लेबलावर इशारा छापण्याचा निर्णय घ्यावा लागला. फोडणीतली हळद आणि हा अर्क यांचे नाव एक असले, तरी वस्तू एक नव्हे. आणि स्वयंपाकघरातला जो काटा एक ग्रॅमच्या खाली काहीच दाखवीत नाही, त्याने अर्धा ग्रॅम मोजायचा कसा?

दुसरे उदाहरण ‘ड’ जीवनसत्त्वाचे. डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात ती पुडी ६०,००० एककांची असते. तीच पुडी साखरेच्या पाकात मिसळून चाळीस वड्या पाडल्या, तर सरासरीने प्रत्येकीत १,५०० एकके येतील. परंतु सरासरी हा आकडा कागदावरचा. खाणाऱ्याच्या वाट्याला सरासरी येत नाही, एक विशिष्ट वडी येते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. मिश्रण नीट एकजीव झाले नाही, तर एका वडीत ३०० एकके आणि दुसरीत ६,००० अशी वाटणी होऊ शकते. प्रौढ माणसासाठी दिवसाची सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० एकके मानली जाते. जास्तीचे ‘ड’ शरीराबाहेर लवकर टाकले जात नाही, ते साठते. ‘क’ जीवनसत्त्वाची गत उलट आहे. ते उष्णतेने नाश पावते, त्यामुळे उकळत्या पाकात घातलेल्या पुडीचे पैसे बरेचसे वाफेबरोबर जातात.

यावर कोणी म्हणेल की, आपल्या आज्यांनी डिंकाचे लाडू, मोरावळा, आलेपाक, सुंठवडा हे सारे घरीच केले. त्यांना कुठे मिलीग्रॅमचा काटा लागला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. त्या पदार्थांत आवळा आवळ्याच्या रूपात होता आणि आले आल्याच्या. आल्याची तिखट चव आणि भरलेले पोट हेच तेथे पहारेकरी होते. दोन वड्या खाल्ल्यावर तिसरीकडे हात सहसा जात नसे. अर्काच्या गोड वडीत हा पहारा मुद्दाम उठवलेला असतो. औषधाची चव साखरेखाली लपवायची, हाच तर तिचा गुण म्हणून सांगितला जातो. फळीवरचा डबा हाती लागलेल्या चार वर्षांच्या मुलाला ती खाऊ वाटते आणि ते पाच-सहा वड्या सहज संपवते. लोहाच्या गोळ्यांपासून लहान मुलांना विषबाधा होते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. त्याच लोहाला स्ट्रॉबेरीची चव देऊन घरच्या डब्यात, लेबल आणि झाकणाच्या कुलपाशिवाय ठेवणे हे धाडसच होय.

मग करावे काय? घरी जरूर करावे. पण खाद्यपदार्थ करावा, औषध करू नये. पेरूच्या गरात पेक्टिन भरपूर असल्याने तो साखरेबरोबर आटवला की आपोआप घट्ट होतो. गोव्यातील पेराड हे त्याचेच रूप. कोकणची आंबावडी आणि फणसपोळी याच घराण्यातली. या वड्यांत मोजण्याजोगा अर्क नाही, म्हणून मापाची चूकही नाही. ज्याला खरोखर पूरकाची गरज आहे, त्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, गोळीच्याच रूपात घ्यावे.

तथापि सारा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला, पूरक आहाराचे नियम २०१६ साली आले, आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशी ओळही वेष्टनावर छापली जाते. औषध म्हणून खपणाऱ्या वस्तूवर ती औषध नसल्याची ग्वाही छापल्याने कोणाचे रक्षण होते? अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतून या वड्यांचे आणि सुट्या अर्कांचे नमुने नियमित उचलावेत, ते तपासावेत आणि निष्कर्ष उत्पादकाच्या नावासह जाहीर करावेत. प्रत सर्वांना कळू लागली की वाईट मालाला चांगल्याच्या किमतीत खपता येणार नाही. असा बाजार उभा राहील तेव्हाच घरोघरच्या पातेल्यातून औषध शिजवण्याचा मोह ओसरेल. घरचा तराजू भाजीसाठी आणि पिठासाठी आहे. औषधाचे माप घालून देणे ही शासनाची जबाबदारी आहे.