पाळणा कुणाच्या हुकमाने हलणार?

गरिबाच्या घरचा पाळणा या देशातल्या शहाण्यांना नेहमीच खुपत आला आहे. पन्नास वर्षे त्यांनी आम्हाला ऐकवले की, तुम्ही फार पोरे जन्माला घालता म्हणून देश दरिद्री आहे. आता तेच शहाणे कपाळावर आठ्या घालून म्हणू लागले आहेत की, पोरे कमी झाली, आता समाजाचे कसे होणार? १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी छोटे कुटुंब ठेवणे हीसुद्धा देशभक्तीच असल्याचे सांगितले. त्यानंतर पाच वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी सांगितले की, जन्मदर २.१ च्या खाली गेला तर समाज नष्ट होतो, म्हणून किमान तीन अपत्ये हवीत. मग देशभक्त नेमका कोण? दोनवर थांबणारा, की तिसऱ्याला जन्म देणारा? दोन्ही वेळा हुकूम सोडणारे तेच, आणि दोन्ही वेळा जिने नऊ महिने ओझे वाहायचे तिला विचारले कुणी नाही!

ही चिंता फक्त नागपूरची नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्यांनाच स्थानिक निवडणुका लढवू देण्याचा कायदा करावा काय, असा विचार बोलून दाखवला. ज्या आंध्रने तिसरे मूल झाले म्हणून लोकांना निवडणुकीतून बाद केले होते, त्याच आंध्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती अट रद्द केली. आमच्या महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले म्हणून कितीतरी सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य घरी बसले. त्यात राखीव जागेवर निवडून आलेल्या आमच्या भगिनीही होत्या. मूल किती हवे हे ठरवण्याचा अधिकार घरात तिला नव्हता, पण शिक्षा मात्र तिला झाली.

आता आकडे पाहू. आकड्यांशिवाय बोलणे ही आमची रीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ साली या देशात एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ती २.० वर आली. महाराष्ट्रात हा आकडा १.७ आहे. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांमध्ये तो २.८, तर बारावी आणि त्यापुढे शिकलेल्यांमध्ये १.८ आहे. म्हणजे पोरांची संख्या धर्म ठरवत नाही, तर बाईच्या हातातले पुस्तक ठरवते. याच पाहणीत हिंदूंचा दर १.९४ आणि मुस्लिमांचा २.३६ आहे, आणि मुस्लिमांचा दर तर गेल्या तीस वर्षांत सर्वांत वेगाने उतरला आहे. 'ते वाढतील, आपण संपू' अशी आरोळी ठोकून मते मागणाऱ्यांचा फुगा याच आकड्यांनी फुटतो. आणि या यादीत सर्वांत खाली कोण आहे? बौद्ध. आमचा दर १.३९ आहे!

हा आकडा वाचून आमच्याच काही बांधवांच्या पोटात गोळा आला आहे. विहारात, बैठकीत, लग्नकार्यात कुजबुज सुरू होते की, आपली संख्या घटते आहे, उद्या आपल्याला कोण विचारणार, तेव्हा आपणही दोन-तीनवर जायला हवे. ही भीती प्रामाणिक आहे, म्हणून आम्ही तिची टिंगल करणार नाही. पण ज्या वाटेने ती आपल्याला नेऊ पाहते, ती वाट बाबासाहेबांची नाही हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे.

१९३८ सालच्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते, म्हणून त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी तो मांडला. सभागृहाने तो मोठ्या बहुमताने फेटाळला. ज्या काळात या विषयाचे नाव काढणेही पाप समजले जाई, त्या काळात अस्पृश्यांचा नेता सांगत होता की, वारंवारच्या बाळंतपणांनी बाईचे शरीर आणि कुटुंबाची कंबर दोन्ही मोडतात. त्याआधी र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य'साठी खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहणारे वकीलही बाबासाहेबच होते. आणि २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांच्या परिषदेत त्यांनी आपल्या लेकींना सांगितले की, लग्नाची घाई करू नका, आणि फार मुले जन्माला घालणे हा गुन्हा आहे हे ध्यानात ठेवा.

हे पुस्तकातून आलेले शहाणपण नव्हते. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी आपली चार लेकरे गमावली होती. राजरत्न १९२६ साली गेला. लेकरू जन्माला घालणे सोपे आणि जगवणे किती कठीण, हे त्या घराने भोगले होते. म्हणून त्यांचा प्रश्न 'किती मुले' हा नव्हताच. जन्मलेले मूल जगेल का, शिकेल का, माणूस म्हणून ताठ उभे राहील का, हा त्यांचा प्रश्न होता. या दृष्टीने पाहिले तर १.३९ हा आकडा काही अंशी बाबासाहेबांच्या शिकवणीचे फळ आहे. २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांवर होती आणि ती देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होती. आमच्या आया-बहिणींनी शिक्षणाचा अर्थ बरोबर ओळखला. त्याबद्दल लाज कसली? आम्हाला अभिमान वाटतो.

पण केवळ अभिमान बाळगून थांबलो तर आपण स्वतःलाच फसवू. कमी मुले होण्याची सगळीच कारणे सुखाची नाहीत. आमचा पदवीधर तरुण कंत्राटी नोकरीत अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर जगतो. सरकारी भरती रखडते, वय निघून जाते, लग्न लांबते. एका मुलाला इंग्रजी शाळेत घातले की फी भरता भरता बापाच्या नाकी नऊ येतात, तिथे दुसऱ्याचा विचार कोण करणार? याला 'निवड' म्हणायचे की लाचारी? ज्याला दुसरे मूल नको आहे त्याचा निर्णय हा त्याचा हक्क आहे. पण ज्याला हवे आहे आणि परवडत नाही, त्याच्यावर झालेला तो अन्याय आहे. दक्षिण कोरियाचे उदाहरण पाहा. तिथे २०२३ साली हा दर ०.७२ पर्यंत खाली आला. सरकारने तिजोरी रिकामी केली तरी तरुण जोडपी तयार होईनात. कारण घर महाग, कामाचे तास लांब, आणि मूल झाले की बाईची नोकरी धोक्यात. पैशाची आमिषे आणि भाषणे यांनी पाळणा हलत नाही, हे त्या श्रीमंत देशाने दाखवून दिले.

आणि लाचारीचे सर्वांत भयानक रूप पाहायचे असेल तर बीड जिल्ह्यात जावे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड लावतो. उचल फेडायची, तर पाळी आणि दुखणे परवडत नाही. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यातल्या कितीतरी जणी दलित, भटक्या आणि बहुजन घरांतल्या! ज्यांना आज समाजाच्या घटत्या जन्मदराची झोप उडवणारी काळजी वाटते, त्यांनी या तेरा हजार गर्भाशयांसाठी किती सभा घेतल्या? एक तरी मोर्चा काढला काय? त्यांना चिंता गर्भाची आहे, गर्भ वाहणाऱ्या बाईची नाही.

आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यात उचलून नेलेले बहुतेक गरीबच होते. पुरुषांनी त्याचा असा धसका घेतला की, तेव्हापासून सगळे ओझे बाईच्या अंगावर आले. आज देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि पुरुषांच्या नसबंदीचा आकडा अवघा ०.३ टक्के आहे. इथे आम्ही आमच्याच बांधवांना विचारतो. सावित्री, रमाई आणि जिजाऊ यांच्या जयंत्या साजऱ्या करणाऱ्या आपल्या घरांत तरी हे चित्र वेगळे आहे काय? दोन मुलींनंतर 'एक मुलगा तर हवाच' हे वाक्य आपल्या घरात उच्चारले जात नाही काय? २०११ साली महाराष्ट्रात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे फक्त ८९४ मुली होत्या. कुटुंब लहान करायचे आणि त्यासाठी मुलीला गर्भातच वगळायचे, हा मनूचा विजय आहे, बाबासाहेबांचा नाही.

आता घटत्या जन्मदराचे परिणाम. ते येणार आहेत, काही आलेही आहेत. पहिला घाव शाळेवर पडला. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळा आहेत, आणि त्या जवळच्या शाळेत मिळवून 'समूह शाळा' करण्याचा घाट २०२३ पासून घातला गेला. पोरे कमी झाली म्हणून शाळा बंद, असा हा हिशेब आहे. पण या शाळा कुठल्या? वस्तीवरच्या, तांड्यावरच्या, वाडीच्या आणि पाड्याच्या. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत द्यायची आहे. वर्गात पोरे कमी असतील तर एकेका पोराकडे जास्त लक्ष द्यायची संधी आली, असे म्हणायला हवे होते. त्याऐवजी सरकारने खर्च वाचवण्याची संधी पाहिली. गाडी चुकली की सर्वांत आधी घरी बसते ती मुलगी, आणि घरी बसलेल्या मुलीचे लग्न लवकर होते.

दुसरा घाव म्हातारपणावर. २०२२ साली देशात साठीच्या पुढचे लोक साडेदहा टक्के होते, आणि २०५० पर्यंत हे प्रमाण दुप्पट होईल असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. ज्याला पेन्शन आहे तो निभावून नेईल. पण नाक्यावर उभा राहणारा मजूर, धुणीभांडी करणारी बाई, गटारात उतरणारा सफाई कामगार, यांचे काय? त्यांची पेन्शन म्हणजे त्यांची पोरे. केंद्र सरकार साठीच्या वृद्धाला निवृत्तिवेतनापोटी महिना २०० रुपये देते. हा आकडा २००७ पासून हललेला नाही! राज्याच्या पैशासह महाराष्ट्रात ही रक्कम २०२३ साली दीड हजार झाली. दीड हजारात महिन्याचे औषध तरी येते काय? 'तीन मुले जन्माला घाला' असे सांगणे सरकारला फुकट पडते. प्रत्येक कष्टकऱ्याला म्हातारपणी सन्मानाने जगता येईल एवढे निवृत्तिवेतन द्यायला पैसा लागतो, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तिसरा प्रश्न प्रतिनिधित्वाचा, आणि आमच्या बांधवांची खरी धास्ती इथेच आहे. घटनेच्या कलम ३३० आणि ३३२ प्रमाणे राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. मग संख्या घटली तर जागा घटतील काय? शांतपणे विचार करू. जागा एकूण आकड्यावर नाही, प्रमाणावर ठरतात, आणि जन्मदर सगळ्यांचाच उतरला आहे. देशभरात अनुसूचित जातींचा दर २.०८ आहे, म्हणजे सरासरीच्या आसपासच. तेव्हा पाळण्यातून येणारे संकट फार मोठे नाही. खरे संकट आहे ते मोजणीतून गळण्याचे. २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद होणार असल्याचे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. म्हणून धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात यादीतली नेमकी जात, अशी नोंद प्रत्येक घराने स्वतः डोळ्यांदेखत करून घेतली पाहिजे. शहरातल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याला कळू नये म्हणून दुसरेच काही सांगणारा बांधव समाजाचे जेवढे नुकसान करतो, तेवढे एकच मूल असणारी माउली कधीच करत नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. आम्हाला मुलांची संख्या सांगू नका, मुलांसाठी काय करणार ते सांगा. २०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, पण शेतमजूर बाईला, घरकामगार बाईला त्यातला एक दिवस तरी मिळतो काय? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचा कैवार घेताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, हा भार समाजाने आणि सरकारनेही उचलला पाहिजे. त्याला शंभर वर्षे होत आली. वस्तीत पाळणाघर द्या, कामाच्या जागी संडास आणि पाणी द्या, कंत्राटी तरुणाला कायम करा, वाडीची शाळा वाचवा. मग ज्यांना मूल हवे ते निर्धास्तपणे आणतील, आणि ज्यांना नको ते अपराधी वाटून न घेता थांबतील.

१८६३ साली महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा दारात आलेल्या बाईला त्यांनी आसरा दिला. तुझ्या पोटातले मूल कुठल्या समाजाची संख्या वाढवील, असे विचारले नाही. आम्ही त्या परंपरेचे आहोत. संख्येच्या जोरावर हा समाज कधीच उभा राहिला नाही. महाडच्या तळ्यावर गेले तेव्हाही तो मूठभरच होता. तो उभा राहिला तो शिकलेल्या, संघटित आणि न घाबरणाऱ्या माणसांच्या जोरावर. आमच्या घरचा पाळणा नागपूरच्या हुकमाने हलणार नाही आणि दिल्लीच्या हुकमाने थांबणारही नाही. तो आमची लेक ठरवील तेव्हा हलेल. त्या पाळण्यातले लेकरू, एक असो वा दोन, मुलगा असो वा मुलगी, शिकून ताठ मानेने उभे राहील एवढी व्यवस्था करणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.