मनगटावरील अंधपंगुन्याय

प्रकृति-पुरुषांचा संबंध उमजावा म्हणून सांख्यांनीं अंधपंगुन्याय योजिला. पांगळ्यास वाट दिसते, पण चालवत नाहीं. आंधळा चालतो, पण त्यास वाट दिसत नाहीं. तेव्हां पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो. पुष्कळ स्मार्ट घड्याळांची व मोबाईलची जोडी अशीच आहे. घड्याळ नाडीचे ठोके मोजतें. कांहीं घड्याळें तर माणूस पडल्याचेंही ओळखतात. परंतु मोबाईलच्या मनोऱ्याशीं बोलण्याचें सामर्थ्य त्यांत नसतें. ब्लूटूथच्या क्षीण लहरींनीं तें सुमारें १० मीटरांतील मोबाईलला निरोप देतें, आणि मोबाईल तो पुढें मनोऱ्यास पोंचवितो. मध्यें भिंती आल्या कीं हें अंतर आणखी घटतें. लहरी क्षीण ठेवण्यास कारण आहे : मनोरा गांठावयाचा तर विजेचा खर्च फार, आणि घड्याळाची बॅटरी चिमुकली.

ई-सिम असलेलीं, स्वतंत्रपणें मनोरा गांठणारीं घड्याळेंही आहेत. ॲपलनें २०१७ सालीं तसें घड्याळ आणलें.

वाचकहो, घरांतील वृद्धांसाठीं हा भेद महत्त्वाचा आहे. मुलांनीं प्रेमानें आजोबांच्या मनगटीं घड्याळ बांधावें, आजोबांनीं मोबाईल देव्हाऱ्यापाशीं ठेवून पहांटे टेकडीवर जावें, आणि तेथें पाय घसरावा, तर घड्याळाची हांक मनगटांतच विरेल. म्हणून घेतांनाच विचारावें, हें स्वतःच्या पायांनीं चालणारें कीं दुसऱ्याच्या खांद्यावर बसणारें? दुसरें असल्यास मोबाईल खिशांत घेतल्यावांचून उंबरठा ओलांडूं नये.