नाचता येईना... पण अंगण पाहिले का?

नेम चुकला आणि कोणी बंदुकीकडे किंवा छर्‍यांकडे बोट दाखविले, की आमच्या नेमबाजी पथकात एक म्हण हमखास ऐकू येते : 'नाचता येईना अंगण वाकडे!' म्हण खोटी नाही. सरावाचा कंटाळा करणारा सबबी शोधतोच. परंतु एखाद्या वेळी अंगण खरोखरच वाकडे असले तर? याचा विचार कोणी करीत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तो मध्यापासून अडीच मिलिमीटर सरकला, की एक गुण गेला. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळविले तेव्हा त्यांचे गुण होते ७००.५ आणि दुसर्‍या आलेल्या चीनच्या झू चिनान यांचे ६९९.७. सत्तर नेमांनंतर फरक काय, तर ०.८!

इतका बारीक हिशेब असलेल्या खेळात छर्रा कसला वापरावा, याला महत्त्व नको काय? स्पर्धेचा छर्रा शिशाचा आणि डमरूच्या आकाराचा असतो. पुढचे तोंड सपाट, म्हणजे कागदावर स्वच्छ गोल छिद्र पडते. मागचा घेर पोकळ. हवेच्या दाबाने तो पसरून नळीला घट्ट बसतो आणि नळीतील पिळदार खाचा छर्‍याला फिरकी देतात. तोंडाचे माप ४.४९, ४.५० असे डब्यावर छापलेले असते. एका नळीला एक माप मानवते, तर दुसरीला दुसरे. इतकेच नव्हे, तर एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या दोन लॉटांतही फरक पडतो. म्हणून 'सर्वांत चांगला छर्रा कोणता?' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'या रायफलला कोणता?' असे विचारले पाहिजे.

गेले वर्षभर माझे छर्रे कधी आठात, कधी दहात जात. "तुझा हात हलतो" असे मला सांगण्यात आले आणि मी ते मुकाट्याने मान्य केले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्यासारख्यांना चूक आपलीच असणार असे फार लवकर पटते. पुढे सुट्टीत एका जुन्या नेमबाजांनी आमची रायफल शिकंज्यात पक्की बसविली आणि आमच्याच डब्यातले पाच-पाच छर्रे निरनिराळ्या कागदांवर झाडले. हात कोणाचाच नाही, तरी छिद्रे बारा मिलिमीटरपर्यंत विखुरलेली! म्हणजे नेम अचूक धरूनही एखादा छर्रा साडेआठावर जाणार. दुसर्‍या एका डब्याची छिद्रे मात्र एकमेकांत मिसळून गेली. तो डबा काही सर्वांत महाग नव्हता.

मला वडिलांची आठवण झाली. मृगाआधी ते सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि आठवड्याने कोंब मोजतात. सत्तरापेक्षा कमी उगवले तर बियाणे बदलायचे, नाहीतर जास्त पेरायचे. वाण तेच, पण लॉट बदलला की परीक्षा पुन्हा. "पिशवी उगवत न्हाई, बी उगवतं," असे ते म्हणतात. शाळा न शिकलेला शेतकरी जे करतो, ते आपल्या जिमखान्यात का होऊ नये?

आपल्याकडे छर्रे कोटेशन मागवून, सर्वांत स्वस्त तेच, असे घेतले जातात. पैशांची अडचण मला समजते. म्हणून महाग छर्रे घ्या असे माझे म्हणणे नाहीच. तीन-चार प्रकारांचे एकेक डबे आणावेत. प्रत्येक रायफल शिकंज्यात धरून प्रत्येक डब्याची परीक्षा घ्यावी; पाच छर्‍यांच्या एका कागदावर विसंबू नये, चार-पाच कागद पाहावेत. जो डबा जुळेल त्याच लॉटचे छर्रे वर्षभराचे एकदम घ्यावेत. घेर चेपलेले छर्रे बाजूला काढावेत. आणि शिसे विषारी असल्याने सरावानंतर हात धुवावेत. यात खर्चापेक्षा लक्षच अधिक लागते.

कोणी म्हणेल, चांगल्या छर्‍याने का कोणी नेमबाज होतो? मुळीच नाही. डबा बदलल्यावरही माझे सगळे नेम दहात गेले नाहीत. हातही थोडा हलत होताच. पण आता तो किती हलतो ते मला कळते, आणि जे कळते ते सुधारता येते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक ब्राँझपदक मिळविले. दोघांचा प्रकार पन्नास मीटरचा, काडतुसांचा. पण जिल्हा आपलाच. नेमबाज या मातीत होऊ शकतात, हे वेगळे सिद्ध करायला नको.

माझ्याबरोबर पथकात आलेली एक मैत्रीण मात्र दिवाळीनंतर आलीच नाही. "मला जमणार नाही" म्हणाली. तीही त्याच डब्यातले छर्रे वापरीत होती. तिचा हात कच्चा होता की डबा, हे आता कोणालाच सांगता यायचे नाही. पुढच्या वर्षी येणार्‍या मुलामुलींच्या बाबतीत तरी, 'हात हलतो' असे म्हणण्यापूर्वी एकदा रायफल शिकंज्यात धरून पाहावी, एवढीच जिमखान्याला विनंती.