चक्र फिरते, पण काम चालले आहे का?

दहावीच्या निकालाच्या दिवशी रिसोडला जा, मानोऱ्याला जा, नाहीतर कारंज्याला; एकेका मोबाइलभोवती सारे घर गोळा झालेले दिसेल. वाशिम जिल्हा शिक्षण मंडळाच्या अमरावती विभागात येतो. पण निकाल सर्व विभागांचा एकदमच लागतो आणि राज्यभरातील लाखो मुले त्याच घटकेला आपला बैठक क्रमांक टाकतात. मग पडद्यावर एक लहानसे चक्र गरगर फिरू लागते. "फिरतंय ना, म्हणजे येईल," असे कोणीतरी म्हणतेच.

हे खरे काय? ते चक्र बहुधा एक साधे हलते चित्र असते, आणि ते फिरवतो तुमचाच मोबाइल! निकाल ठेवलेल्या दूरच्या संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, त्याचा काहीच संबंध नसतो. तुमची मागणी तेथे पोहोचली, रांगेत थांबली, की वाटेतच हरवली, चक्र आपले फिरतच राहते. गिरणीचा पट्टा फिरताना दिसावा, पण आत दाणा पडतो आहे की नाही ते कळू नये, तसाच हा प्रकार.

काहीच कळेना, की माणूस पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक दाबण्याबरोबर नवी मागणी जाते आणि पुष्कळदा जुनीचेही काम तिकडे चालूच असते. म्हणजे रांग आणखी वाढते. माझ्या मते यात दोष त्या उतावळ्या मुलाचा नाही, मुक्या चक्राचा आहे.

किती काम झाले हे दाखवणारी, भरत जाणारी पट्टी याहून बरी. १९८५ साली ब्रॅड मायर्स या संगणकशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवले, की अशी पट्टी असलेली व्यवस्था लोकांना अधिक आवडते. (उत्तर एका सेकंदात येणार असेल, तर मात्र काहीच दाखवू नये, उगाच डोळ्यांपुढे लुकलुक होते.)

पण पट्टीही खोटे बोलू शकते बरे! काही पट्ट्या केवळ घड्याळाच्या हिशेबाने नव्वद टक्क्यांपर्यंत धावतात आणि तेथेच अडून बसतात. किती काम उरले हे सर्व्हरलाच ठाऊक नसेल, तर पट्टी कशाला? "तुमची मागणी पोहोचली आहे, उत्तराची वाट पाहत आहोत," एवढे साध्या मराठीत लिहावे. आणि ठरावीक वेळेत उत्तर आले नाही, तर चक्र थांबवून "संपर्क झाला नाही, पाच मिनिटांनी पुन्हा पाहा," असे स्पष्ट सांगावे. तेवढ्या वेळात घरच्यांचा चहा तरी होईल.