टपाल वाहणाऱ्यांचे देणे

सातपूरच्या कारखान्यांमधून जाणारा रस्ता त्र्यंबक ओलांडून हरसूलकडे वळला की जो डोंगराळ मुलूख लागतो, त्यातल्या पाड्यापाड्यांवर पत्र, मनीऑर्डर आणि वृद्धांचे अनुदान घेऊन जो माणूस ऊनपावसात पोहोचतो, त्याला सरकार आजही आपला पुरता नोकर मानीत नाही, ही गोष्ट मला अत्यंत लज्जास्पद वाटते.

टपालाचा विषय निघाला की आपण पेशवाईतील जासूद-काशिदांचे कौतुक करतो, आणि ते यथार्थच आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जो संहार झाला, त्याची वार्ता अवघ्या दहा दिवसांत भेलशाच्या मुक्कामी नानासाहेब पेशव्यांच्या हाती आली, ती सावकाराचे पत्र घेऊन दक्षिणेकडे निघालेल्या काशिदामुळे. पुढे इंग्रजी अमलात, १८५४ साली अर्ध्या आण्याचे तिकीट साऱ्या हिंदुस्थानात चालू झाले आणि पाठीवर थैली व हाती घुंगरू लावलेला भाला घेऊन मजलदरमजल धावणारा हरकारा चित्रांतून, गोष्टींतून अजरामर झाला. १८६५ साली थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीला आली, मोठे टपाल रुळांवरून जाऊ लागले, आणि हरकाऱ्याच्या वाट्याला चाक जाऊ शकत नाही अशा आडवाटा उरल्या.

परंतु या कौतुकात एक माणूस कायम वगळला जातो. गावचा कागद तालुक्याच्या कचेरीत आणि कचेरीचा हुकूम गावात पोहोचविणे हे वतनदार महाराचे काम असे. तुटपुंज्या इनाम जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात त्याने व त्याच्या कुटुंबाने दिवस असो वा रात्र, बोलावणे येताच निघायचे. सेवेचे तास मुकरर नाहीत, वेतन निश्चित नाही, आणि नकार देण्याची सोय तर नाहीच! डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले ते याच दास्याविरुद्ध. ती वतने कायद्याने रद्द होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

जातीचे ते बंधन गेले, पण कामाचा मोबदला अर्धवट ठेवण्याची सरकारी वृत्ती गेली असे मला म्हणवत नाही. पूर्वी ‘खातेबाह्य’ म्हणविल्या गेलेल्या आणि २००१ पासून ‘ग्रामीण डाक सेवक’ झालेल्या या माणसांचे काम कागदोपत्री चार-पाच तासांचे. शाखा डाकघरासाठी जागाही त्यातल्या डाकपालाने स्वतःच पाहावयाची. आणि आयुष्यभर सेवा करूनही खात्यातील नियमित कर्मचाऱ्यासारखे निवृत्तिवेतन नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात हे सेवक नागरी पद धारण करतात असा स्पष्ट निर्णय दिला असूनही ही स्थिती टिकून आहे. खर्चाची सबब पुढे केली जाते; परंतु डोंगरातले टपाल फायद्याचा व्यवहार कधीच नव्हते आणि तो असावा अशी अपेक्षाही कुणी धरू नये.

ग्रामीण डाक सेवकास नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा आणि निवृत्तिवेतन द्यावे, व डाकघराच्या जागेचे भाडे खात्याने भरावे, हा ठराव नाशिक जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामसभेने करावा आणि आमच्या खासदारांनी तो संसदेत मांडावा.