नाण्याबरोबर संपणारा खेळ

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केले आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्यानंतर कर, रोजगार, कर्जबाजारी झालेली कुटुंबे, न्यायालयीन आव्हाने अशा सर्व अंगांनी चर्चा झाली. चाळिशी ओलांडलेल्या शहरी मंडळींमध्ये मात्र हा विषय निघाला की गप्पा हमखास मागे वळतात आणि व्हिडिओ गेम पार्लरपाशी येऊन थांबतात. 'आमच्या वेळचे खेळ किती निरागस होते!' हा त्या गप्पांचा सूर. तो कितपत खरा?

नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात लाकडी खोक्यांची चार-सहा यंत्रे मांडली की पार्लर सुरू होई. 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ मधला. 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' १९९३ मधला. पण तो त्यातील एका पात्राच्या नावाने 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला गेला. मूळ नाव अनेकांना आजही ठाऊक नसेल. पालकांच्या लेखी ही जागा म्हणजे बिघडण्याची पहिली पायरी. आज हळहळणाऱ्यांपैकी कित्येकांना तेथून कान धरून घरी नेलेले आहे, हे या गप्पांत सोयीस्करपणे विसरले जाते.

पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. व्हिडिओ गेम हा कौशल्याचा खेळ की जुगार, हा वाद कर्नाटकातील पार्लरचालकांमुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. अशा ठिकाणांना परवाना सक्तीचा करण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केला. यंत्रात फेरफार करून खेळणाऱ्याच्या जिंकण्याची शक्यताच संपवता येते, याकडेही निकालाने लक्ष वेधले होते. कौशल्य की नशीब हा वाद पुढे मोबाइलच्या पडद्यावर तीस वर्षे रेंगाळला आणि २०२५ च्या कायद्याने, पैसा लागला असेल तर, तो भेदच मोडीत काढला.

तेव्हा पार्लर निरागस नव्हते. यंत्रालाही नाणेच हवे असे. खेळ मुद्दाम अवघड केलेले असत ते त्यासाठीच. पण त्या लोभाला शेवट होता. खिशातली नाणी संपत, मागे उभा असलेला मुलगा 'आता माझा नंबर' म्हणून हटकत असे, गल्लीतले कोणी काका डोकावत, रात्री शटर खाली येई. हरायचे तेही चारचौघांत. मोबाइलवर रांग नाही, शटर नाही आणि मध्यरात्री बँक खात्यातून गेलेली रक्कम शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

या आठवणींना भूगोलही आहे. पार्लरला वीज हवी, भाडे हवे आणि सुट्टे पैसे बाळगणारी मुले हवीत. त्यामुळे ते शहरांत आणि फार तर बाजारपेठेच्या गावांत रुजले. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घोड नदीच्या उगमाजवळ वसलेल्या आहुपे गावासारख्या आदिवासी वस्त्यांच्या वाट्याला ते येण्याचे कारणच नव्हते. पावसाळ्यात धुके आणि कोकणकडा पाहायला शहरातून मोटारी तेथे जातात. त्यांतून उतरणारा चाळिशीचा पर्यटक आणि त्याच वयाचा महादेव कोळी शेतकरी यांच्या बालपणात 'मुस्तफा' हा समान धागा नाही. त्यांच्या मुलांच्या हाती मात्र मोबाइलमुळे तेच खेळ येऊ शकतात. शहराने निदान एक पिढी यंत्रासमोर रांगेत काढली, मग घरचा संगणक आला, मग फोन. डोंगरातल्या मुलाला या मधल्या पायऱ्या मिळालेल्याच नाहीत. त्याच्या आईवडिलांपाशी मुलाला ओरडण्यापुरताही या खेळाचा अनुभव नाही.

पार्लर परत येणार नाही. खुद्द जपानमध्ये सेगासारख्या मातब्बर कंपनीने आपल्या खेळघरांतील उरलेला हिस्साही जानेवारी २०२२ मध्ये विकून टाकला. आपल्याकडे मॉलमधील गेम झोन आहेत, पण तेथे जायचे तर कुटुंबाचा एका संध्याकाळचा खर्च मोजावा लागतो. रुपयाच्या नाण्याची ती जागा नव्हे. नव्या कायद्याचा रोखही जिंकण्याच्या आशेने लावलेल्या पैशावर आहे. खेळात पणाला काहीच नाही, जाते ती केवळ रात्रीची झोप, अशा खेळांना त्याने हात लावलेला नाही. तेथे शटर ओढण्याचे काम आईवडिलांवरच येते, मग ते पुण्यात असोत वा आहुप्यात.